बारा ठिपक्यांत न मावलेली लुआन

चैत्र आला. पण गोदीच्या मागे चैत्र पालवीतून येत नाही, तो गंजातून येतो. ताम्रवर्ण, तैलगंधी, तप्त. मोडीत निघालेल्या जहाजांच्या उघड्या बरगड्यांवरून सकाळचं ऊन खाली ओघळतं, डांबरावर पसरतं, डबक्यांतल्या तेलावर सप्तरंगी होतं, आणि त्या सप्तरंगांतून कुजक्या मासळीचा वास येतो. रंग पाहावा की नाक दाबावं, हे माणसाला ठरवता येत नाही. बहुतेक माणसं नाक दाबून पुढे जातात.

त्याच उन्हात, दोरखंडांच्या एका जुन्या वखारीच्या दुसऱ्या मजल्यावर, चिनी माणसांचं एक देवघर होतं. रक्तवर्ण दार, धूम्रवर्ण छत, आणि दाराशी दोन सिंह, ज्यांच्या जबड्यांतला सोन्याचा मुलामा कधीच उडून गेला होता. शंभर वर्षांपूर्वी जहाजांवरून सुतार उतरले, बूट शिवणारे उतरले, दात बसवणारे उतरले, आणि त्यांनी आपल्या हातांनी हे देवघर उभं केलं. तेव्हा त्यांची दोनशे घरं होती. आता अकरा उरली आहेत.

देवघराच्या उत्तरेच्या भिंतीवर नावं होती. काळ्याभोर, लाखेनं लकाकणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर सोनेरी, कोरीव, खोल नावं. गेलेल्यांची नावं. चैत्रातल्या एका सकाळी अकरा घरं इथे जमत, पट्ट्या पुसत, संत्री मांडत, चहाच्या इवल्याशा पेल्यांतून वाफ उठू देत. आणि सगळ्यांत वयोवृद्ध माणूस भिंतीसमोर उभा राहून एकेक नाव वाचत असे.

वाचत असे, हे महत्त्वाचं. पाठ म्हटलेलं नाव पोचत नाही, अशी त्यांची समजूत. नाव भिंतीवर असायला हवं, ते डोळ्यांनी पाहायला हवं, आणि पाहता पाहता ओठांनी उच्चारायला हवं. तेव्हाच ज्याचं नाव तो येतो, चहाच्या वाफेपाशी क्षणभर बसतो आणि वर्षभराचा निरोप घेतो. ज्याचं नाव वाचता आलं नाही, तो दाराबाहेर सिंहांपाशी ताटकळतो.

मग भिंतीला वाळवी लागली.

वाळवीची किळस येते ती तिच्या खाण्याची नाही, तिच्या सभ्यपणाची येते. तिनं नावं खाल्ली नाहीत. तिनं आतलं लाकूड खाल्लं आणि वरची लाख, वरचं सोनं, वरची अक्षरं जशीच्या तशी ठेवली. पांढऱ्या, मऊ, आंधळ्या किड्यांची एक अख्खी वसाहत पूर्वजांच्या पोटात नांदत होती, आणि बाहेरून सगळं झळझळीत होतं. कुणीतरी पुसायला म्हणून बोट लावलं, आणि एक अख्खा आजोबा आत गेला.

पट्ट्या उतरवल्या गेल्या आणि रीतीप्रमाणे जाळल्या गेल्या. उत्तरेची भिंत उघडी पडली. तिथे नवीन काय लावायचं, ते स्टीवननं ठरवलं. स्टीवन म्हणजे दातांच्या वेन डॉक्टरांचा पुतण्या, देवघराचा सेक्रेटरी, लग्नांच्या हॉलना जेवण पुरवणारा गुबगुबीत, घाईचा, हसतमुख माणूस. लाकूड कोरणारा शेवटचा म्हातारा चार वर्षांपूर्वीच गेला होता. म्हणून स्टीवननं जवळच्या दारूखाना वस्तीतून एक पाटी करून आणली. पाच फूट लांब, वीतभरही उंच नाही, आणि तिच्यावर लाल दिव्यांचे ठिपके. उभे बारा, आडवे एकशे चव्वेचाळीस.

पाटी लागली, बटण दाबलं, आणि पूर्वज धावू लागले.

उजवीकडून येत होते, डावीकडे जात होते, काठाशी पोचले की कापले जात होते. लाल, लखलखीत, लगबगीचे. बँकेत टोकनचा नंबर धावतो, कपड्यांच्या दुकानात सेलची टक्केवारी धावते, तसे तिथे पणजोबा धावत होते. जन्मभर उभं राहून बूट शिवलेल्या माणसांना मेल्यावरही कुणी बसू देईना.

आणि त्या धावण्यात अक्षरांची जी विटंबना चालली होती ती पाहवत नव्हती. ज्यांची नावं चार-पाच रेषांची होती ते तगले. साधी नावं बारा ठिपक्यांत ताठ उभी राहतात. पण ज्यांच्या आईबापांनी हौसेनं भरजरी नावं ठेवली होती, रेषेवर रेषा, रेषेत रेषा, त्यांचे गोळे झाले होते. लाल, चिकट, निराकार गोळे. एकामागून एक येत होते आणि जात होते, आणि कुठला गोळा कुणाचा हे त्या गोळ्यालाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टर वेन पाटीखाली उभे होते. वय चौऱ्याऐंशी, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात घडी घातलेला रुमाल. अकरा घरांत ती लिपी वाचणारे ते एकटेच राहिले होते. बाकीची घरं मराठी बोलत, हिंदी बोलत, इंग्रजीत भांडत. चिनी अक्षरं त्यांना भिंतीवरच्या नक्षीइतकीच कळत. चैत्रातली ती सकाळ पाच दिवसांवर आली होती, आणि यंदा भिंतीवर एक नवीन नाव यायचं होतं. ते नाव पहिल्यांदाच वाचलं जायचं होतं.

लुआन. त्यांची बायको. ती गेल्या भाद्रपदात गेली.

लुआन हा त्यांच्या पुराणांतला एक पक्षी आहे. राज्य सुखात असलं, की म्हणे तो उतरतो. त्याचं अक्षर तीस रेषांचं. वर दोन्ही अंगांना रेशमाची एकेक लड. दोन लडींच्या मधोमध वाणी, म्हणजे बोलणं. आणि या साऱ्याच्या खाली पंख मिटलेला पक्षी. पक्ष्याच्या पायांशी चार ठिपके. रेशीम, वाणी, रेशीम, आणि त्याखाली पक्षी. ज्या बापानं मुलीचं हे नाव ठेवलं त्याला लिहायचा आळस नसणार.

डॉक्टरांनी ते अक्षर लग्नाच्या दिवशी कुंचल्यानं लिहिलं होतं. पुढे दर नववर्षाला लाल कागदावर लिहिलं. पन्नास-पंचावन्न वेळा तरी लिहिलं असेल, आणि दर वेळी लुआन मागे उभी राहून डावी लड बारीक झाल्याचं सांगायची. ती बरोबर असायची.

आता ती पाटीवर आली.

रेशमाच्या लडी नव्हत्या, वाणी नव्हती. वर एक लाल चौकोन भरीव, भकभकीत पेटलेला. खाली तसलाच दुसरा, जरा वाकडा. पक्ष्याचे पाय कापलेले. मधोमध दोन ठिपके काळे राहिले होते, ते भोकांसारखे दिसत होते. तो लाल चिखल डॉक्टरांच्या डोळ्यांसमोरून सरकत गेला, काठाशी गेला, अर्धा कापला गेला, नाहीसा झाला. आणि तीन मिनिटांनी पुन्हा आला.

बावन्न वर्षं डॉक्टरांनी लोकांच्या तोंडांत वाकून पाहिलं होतं. पू पाहिला, तंबाखूनं सडलेल्या हिरड्या पाहिल्या, किडून पोकळ झालेल्या दाढांतला तो काळा, ओला, दुर्गंधी चुरा त्यांनी आपल्या हातांनी उकरून काढला. पण गिऱ्हाइकाला वाईट वाटेल म्हणून कधी नाकाला रुमाल लावला नाही. त्या सकाळी देवघरात, संत्र्यांच्या आणि धुपाच्या वासात, त्यांनी नाकाला रुमाल लावला.

स्टीवनला त्यांनी ते दाखवलं. स्टीवननं वर पाहिलं, मान तिरपी केली, हसला. "अंकल, चालतंय," तो म्हणाला. "आता कोण वाचतंय?"

ज्या काकूच्या मांडीवर तापातल्या रात्री काढून हा पोरगा मोठा झाला, तिच्या नावाबद्दल तो हे बोलला. वाईट मनानं बोलला नाही. वाईट मनानं बोलला असता तर एक वेळ राग आला असता. चालतंय, या शब्दाचा राग येत नाही, शिसारी येते. या शहरात गटाराचं झाकण फुटलं तरी चालतंय, दुधात पाणी चालतंय, जिन्याची पायरी निखळली तरी चालतंय. आणि आता मेलेल्या बाईच्या नावाचा चिखल झाला, तेही चालतंय. सगळं चालतं. एक दिवस कुठलीच गोष्ट जागच्या जागी उभी राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर दारूखान्यात गेले.

दारूखान्यात दारू नसते. तिथे लोखंड असतं. लोखंडाचे ढीग, लोखंडाची धूळ, लोखंडाचा खणखणाट. त्या तपकिरी, तापलेल्या गल्लीत एका पत्र्याच्या गाळ्यावर लाल दिव्यांची 'वंदा' अशी पाटी पेटली होती, आणि गाळ्याच्या उंबऱ्याशी, तेलानं काळ्या पडलेल्या फरशीवर, कुणीतरी पांढरंशुभ्र चैत्रांगण रेखलं होतं. शंख, कमळ, गोपद्म, लक्ष्मीची पावलं. एवढ्या घाणीत एवढं स्वच्छ काही पाहून डॉक्टर थबकले. मग रांगोळीला वळसा घालून, भिंतीला धरून आत गेले.

आत पाट्याच पाट्या होत्या. आरतीच्या वेळा धावत होत्या, कुठल्याशा दवाखान्याचे डॉक्टर जेवायला गेल्याचं धावत होतं, शुभविवाह धावत होता. देवनागरीचेही हालच होते. वेलांट्या अक्षरांपासून तुटून हवेत लटकत होत्या, जोडाक्षरांतली अर्धी अक्षरं लुळी होऊन पडली होती, खालचे उकार कापले गेले होते. मराठी माणसं रोज तसल्या पाट्यांखालून जातात आणि अंदाजानं वाचतात. अंदाजानं वाचायची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की नीट लिहिलेलं दिसलं तर संशय येतो.

"वंदाबाई आहेत का?" डॉक्टरांनी विचारलं.

"वृंदा," टेबलामागची बाई म्हणाली. "वृंदा मांजरेकर. बोर्डावर खालचा ऋकार बसत नाही, म्हणून तसं दिसतं."

"किती वर्षं?"

"नऊ झाली."

"नऊ वर्षं दुसऱ्याच बाईचं नाव लावून बसलात?"

ते हसून बोलले नव्हते. वृंदा मांजरेकर पंचेचाळिशीची, हाताची चपळ, तोंडाची फटकळ बाई. गल्लीतले हमाल तिला वंदाबाई म्हणत, पार्सलवर वंदा मॅडम लिहून येई, आणि तिनं ते चालवून घेतलं होतं. स्वतःच्याच दारावर, स्वतःच्याच हातानं.

डॉक्टरांनी खिशातून एक लाल कागद काढला आणि टेबलावर उलगडला. त्यावर कुंचल्यानं लिहिलेलं ते एकच अक्षर होतं. मग पाटीचा मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी शेजारी ठेवला.

"ही किडलेली दाढ आहे, बाई," ते म्हणाले. "हे माझ्या बायकोचं नाव नाही."

तिनं दोन्हींकडे पाहिलं. तिला ती लिपी येत नव्हती. स्टीवननं देवघराच्या वहीतल्या नावांचे फोटो मोबाइलवर पाठवले, कॉम्प्युटरनं ते दाबून, चेचून बारा ओळींत बसवले, आणि तिनं डोळे मिटून पाटी पाठवून दिली, एवढंच तिचं काम. पण न वाचता येणाऱ्या माणसालाही लाल कागद आणि तो फोटो यांतला फरक कळावा, इतका तो उघडा होता. एक बाई होती आणि दुसरा तिच्यावरून गेलेला ट्रक होता. वृंदा उठली आणि तिनं कपाटातून रांगोळीचा ठिपक्यांचा कागद काढला.

ठिपके तिला कळत होते. सातव्या वर्षापासून ती आईशेजारी उकिडवी बसून ठिपके देत आली होती. सात ते सात, अकरा ते अकरा, पंधरा ते आठ. किती ठिपक्यांत कासव बसतं, किती ठिपक्यांत मोर बसतो, हे तिला पाठ होतं. तिनं पेन्सिलीनं बारा ते बारा ठिपक्यांचा चौकोन आखला आणि डॉक्टरांना म्हणाली, की यात काय काय आहे ते मला सांगा.

ते सांगत गेले, ती ऐकत गेली. लड म्हणजे कशी, पिळाची की मोकळी. वाणीचं तोंड उघडं असतं की मिटलेलं. पक्ष्याची शेपटी कुठून वळते. तीन दुपारी हे चाललं. बाहेर लोखंड पडत होतं, ऊन पडत होतं, धूळ पडत होती; आत एक म्हातारा एका परक्या बाईला आपल्या बायकोची एकेक रेषा समजावून सांगत होता.

पहिल्या दुपारी लडींच्या शिड्या झाल्या. मग शिड्या मोडल्या तर वाणी बुजली. वाणी उघडली तर पक्ष्याची बादली झाली. वृंदा खोडत होती, पुन्हा भरत होती, कागद काळा होत होता. दर वेळी तिला वाटे, आता जमलं; आणि दर वेळी डॉक्टर कागद हात लांब करून धरत, पाहत, आणि दोन बोटांनी खाली ठेवत. त्यांच्या त्या दोन बोटांत किळस होती. ती तिच्यापर्यंत नीट पोचत होती.

दुसऱ्या दुपारी तिनं रेषा गाळून पाहिल्या. वाणीतली एक गाळली, लडींतल्या दोन गाळल्या. लहान ठिपक्यांत सगळेच तसं करतात, असं ती म्हणाली, आणि ते खरंही होतं. डॉक्टर लडींना काही म्हणाले नाहीत. पण तिनं पायांचे चार ठिपके पुसले तेव्हा त्यांनी तिची पेन्सिल धरली.

"पाय काढू नका. बोलावतोय ना आपण तिला. उतरेल कशावर?"

त्याच दुपारी, चहा घेताना, त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या घराण्यात गेलेल्या माणसाचं नाव लिहिणारा पुरं लिहीत नाही. शेवटची रेघ तो सोडून देतो. ती रेघ जवळच्या माणसानं शेंदराच्या शाईनं द्यायची असते. तोवर नाव म्हणजे बंद दार. लुआनच्या अक्षरातली शेवटची रेघ म्हणजे पक्ष्याच्या पायाशी असलेला चौथा ठिपका. एवढं सांगून ते कपातल्या सायीकडे पाहत राहिले. दिव्यांवर कसली आली शाई, असं काहीतरी पुटपुटले.

तिसऱ्या दुपारी ती पेन्सिल ठेवून नुसती बसली. मग तिनं बोटानं मोजलं. दोन रेषा वेगळ्या दिसायच्या तर मधे एक काळी ओळ लागते. दिव्यांमुळे अक्षर पेटतं, पण वाचता येतं ते मधल्या काळोखामुळे. बारा ओळींत काळोख सोडून सहाच रेषा एकाखाली एक राहतात. वाणी आणि पक्षी मिळून लुआनला बारा हव्यात. नऊ वर्षं हा साधा हिशेब तिच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिनं तो कधी केला नव्हता, कारण कुणी विचारलंच नव्हतं. कॉम्प्युटर चेचत होता, ती पाठवत होती, लोक चालतंय म्हणत होते.

"बारात नाही बसत, डॉक्टर," ती म्हणाली. "खोटंच बसवलं होतं मी."

हे वाक्य तिनं आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर तिला हलकं वाटलं नाही. आणखीच घाण वाटलं. गाळ्यातल्या सगळ्या पाट्या लाल डोळे मिचकावत तिच्याकडे पाहत होत्या. तिनं मुख्य बटण बंद केलं. आरत्या थांबल्या, शुभविवाह थांबला, वंदा विझली.

मग तिनं देवघरातली पाटी उतरवून आणली आणि तिचे स्क्रू काढले.

पाच फुटांची ती पट्टी तिनं मधोमध वेगळी केली. दोन तुकडे झाले, अडीच-अडीच फुटांचे. एक तुकडा तिनं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. बाराच्या चोवीस ओळी झाल्या. तेच दिवे, तीच चौकट, तीच वीज. फक्त लांबी गेली आणि उंची आली. आता त्यावर काही धावू शकत नव्हतं. एका वेळी एकच नाव, उभं, स्थिर, स्वतःच्या पायांवर. लुआन झाल्यावर तिनं उरलेल्या गोळ्यांनाही हात घातला, एकेका नावासाठी डॉक्टरांना बसवून ठेवलं, आणि सगळे पूर्वज पुन्हा रेखले.

स्टीवनचा फोन आला. धावतं असलं की बरं दिसतं, जिवंत वाटतं, असं त्याचं म्हणणं होतं. एकेक नाव थांबत थांबत आलं तर सगळी येईपर्यंत किती वेळ लागेल, असंही त्यानं विचारलं.

"घाई कुणाला आहे?" वृंदा म्हणाली. "ज्यांची नावं आहेत त्यांना तर नाही."

आणि ती सकाळ आली.

खाडीवरून खारट, उष्ण वारा आला. भंगारातल्या जहाजांवर गंज पेटला. वखारीचा जिना अकरा घरांच्या पावलांनी करकरला. संत्री मांडली गेली, पेल्यांतून वाफ निघाली, धुपाच्या निळ्या रेषा छताकडे गेल्या. वृंदा दाराशी, सिंहांपाशी उभी राहिली. आत यावं की नाही हे तिला कळत नव्हतं. स्टीवननं बटण दाबलं.

पहिलं नाव उभं राहिलं. पणजोबा, सुतार. डॉक्टरांनी पाहिलं, वाचलं. नाव विझलं, दुसरं उभं राहिलं. ते वाचत गेले आणि नावं येत गेली. हळूहळू खोलीतल्या खुसफुशी थांबल्या. ज्यांना एक अक्षरही येत नव्हतं तीही माणसं वर पाहू लागली, कारण आता पाहण्यासारखं काही होतं. रेषेपासून रेष सुटी होती. दोन रेषांमध्ये काळोख होता, स्वच्छ, सडा घातल्यासारखा.

सगळ्यांत शेवटी लुआन आली.

रेशमाची डावी लड, रेशमाची उजवी लड. मधे वाणी, तोंड उघडलेली. खाली पक्षी. मिटले पंख, वळलेली शेपटी, पायाशी ठिपके. एक, दोन, तीन. आणि चौथ्याच्या जागी अंधार.

डॉक्टर थांबले. खोली थांबली. त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी किळस पुन्हा चढू लागली, हनुवटीपासून डोळ्यांपर्यंत. इतकं करून शेवटी एक दिवा मेला, आज, इथे, हिच्याच पायाशी. हात खिशातल्या रुमालाकडे गेला.

स्टीवनलाही ते दिसलं. "एक दिवा गेलाय, अंकल," तो म्हणाला. "जाऊ दे, पुढे चला. कोण वाचतंय."

"मी वाचतो," डॉक्टर म्हणाले.

ते हळू बोलले. पण त्या दोन शब्दांत पाच दिवसांचा चिखल होता, आणि तो स्टीवनच्या इस्त्रीच्या शर्टावर उडाला. त्यानं वर पाहिलं. काकूचं नाव कसं दिसतं हे तो आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहत होता. त्याला लाज वाटली असावी. माणसांच्या लाजेवर माझा फारसा विश्वास नाही, ती दुपारच्या जेवणापर्यंत टिकते. पण त्यानं बटणापासचा हात मागे घेतला, एवढं खरं.

डॉक्टरांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. वृंदा तिथेच उभी होती. तिच्या हातात एक वाटी होती, तेलात कालवलेल्या शेंदराची, आणि वाटीत एक बारीक कुंचला. तो दिवा मेला नव्हता. तिनं तो पेटवलाच नव्हता.

डॉक्टरांना कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी रुमाल खिशातच राहू दिला. वाटी घेतली, कुंचला भिजवला, कडेला निथळवला. दाढेच्या कडेनं सुई न्यावी, तसा त्यांनी हात पुढे नेला. त्यांनी पाटीच्या तळाशी, तीन पेटलेल्या ठिपक्यांशेजारच्या त्या एका अंधाऱ्या ठिपक्यावर कुंचला टेकवला आणि उचलला.

शेजारच्या दिव्यांच्या उजेडात ओला शेंदूर चकाकला. चार ठिपके झाले. पक्षी उतरला.

त्यांनी पाहिलं, आणि पाहता पाहता वाचलं. "लुआन." एवढंच. मग जरा मान तिरपी करून, डाव्या लडीकडे पाहून, ते आपल्या भाषेत हळूच आणखी काही बोलले. खोलीत कुणालाच ते समजलं नाही. लड अजून जरा बारीकच झाली आहे, असं ते म्हणाले होते.

दुपार झाली. संत्री वाटली गेली, पेले विसळले गेले, जिना पुन्हा करकरला. वृंदा केव्हाच गेली होती. तिला स्वतःच्या दारावरची पाटी उतरवायची होती. स्टीवननं जाता जाता, बिल वाढायला नको म्हणून, बटण बंद केलं.

सुतार विझले. बूट शिवणारे विझले. रेशीम विझलं, वाणी विझली, मिटले पंख विझले. उत्तरेच्या भिंतीवर एक काळी काच उरली, निर्वर्ण, निःशब्द, निर्जीव. आणि तिच्या तळाशी, कुठल्याही विजेवाचून, एका म्हाताऱ्या हातानं दिलेला एक ठिपका तेवढा तांबडा राहिला; अजून ओला.